गुडघाभर पाण्यातली तब्येत

आमच्या गल्लीत आबासायेब नावाचा एक मानूस कंदीच आजारी पडला न्हाय, आन् त्येच्यापायी आमी समदी पडलो. हे मी रागानं बोलते असं वाटलं तर वाटू द्या. राग हायच. म्हातारा मानूस, त्येला मानानं बोलावं, असं शेजारची पार्वतम्मा मला धा येळा सांगती. पन माजी जीभ ऐकत न्हाय. तोंडावर मी 'आबा, तुमी' म्हन्ते. पाठीमागं त्यो 'त्यो'च.

मी अंबुबाई. माहेर करमाळ्याकडचं, सासर बी तिकडचंच. लग्नानंतर दोन वर्सांनी सोलापुरात आलो आन् धनी गिरनीत लागलं. धन्याचं नाव मी घेनार न्हाय. गल्ली त्येनला रावजी म्हनती, तुमी बी म्हना. दोन माग सांबाळायचं. लोकांना वाटतं, माग चालवायला हात लागत्यात. हात लागत्यातच, पन आदी लागत्यात पाय. धा तास हुबं ऱ्हायचं, ह्या मागाकडनं त्या मागाकडं जायाचं, धागा तुटला की पळायचं. बसायला दिलं तर गिरनी कशाची? पाय हाय तवर भाकरी हाय, एवढं आमच्या घरात बारक्या पोरीला बी ठावं व्हतं.

आता आबाचं सांगते. त्यो माळशिरसकडचा. बत्तीस वर्सं जकातीच्या नाक्यावर कारकून व्हता आन् बत्तीस वर्सांत एक दिस रजा घेतली न्हाय, हे त्यो वळख नसलेल्या मानसाला बी रस्त्यात थांबवून सांगायचा. "एकही दिवस नाही! ताप नाही, खोकला नाही, साधी शिंकसुद्धा नाही!" लोक तोंडावर हात ठिवायचे. मी बी ठिवला व्हता, खोटं कशाला बोलू? मंग एकदा मोडनिंबाच्या एका गाडीवाल्यानं मला नाक्याची गंमत सांगितली. गाडी नाक्यावर आली की गाडीवाला आपखुशीनं काय तरी खाली ठिवायचा. कुनी तुपाची लोटी, कुनी गुळाची ढेप, कुनी भाजीच्या जुड्या. आपखुशी नसली की गाडी उनात दोन तास हुबी. असल्या जाग्यावरनं रजा कोन घेईल? आन् बत्तीस वर्सं असलं ताजं तूप खाल्लं तर माज्या घरातला पाटा बी निरोगी ऱ्हाईल.

पन आबाचं म्हननं, ह्यो समदा नेमाचा परताप. नोकरी सुटली तवापसनं त्येनं नेम वाटायचं काम घेतलं. पहाटं गिरनीच्या भोंग्याच्या आदी उठायचं. उठल्या उठल्या तांब्याच्या भांड्यातलं शिळं पानी आठ घोट. मंग घसा साफ करायचा, आन् तो साफ करताना आख्खी गल्ली जागी व्हायची. पाठीवर ऊन घ्यायचं. पोटावर शंभर थापट्या मारायच्या. घास बत्तीस येळा चावायचा. ह्या बत्तिशीनं तर कहर केला. गल्लीतले गडी सकाळी भाकरी चावत बसायचे, तोंडानं मोजायचे, आन् भोंगा झाला की अर्दी भाकरी टाकून पळायचे. धनी सतरापातूर मोजायचं आन् मी काय तरी इचारलं की पुन्ना एकापसनं. मंग मी इचारायचंच सोडलं.

चहाला त्यो इख म्हनायचा. "काळं विष! रक्त आटतं, डोळे जातात." पन पार्वतम्माच्या घरी दुपारी आलं घालून, दूध-साखर घालून, कपबशीत वतून जे मिळायचं, त्येला त्यो काढा म्हनायचा. दोन कप काढा झाला की ढेकर दिऊन चहाच्या विरोदात पुन्ना सुरू. पार्वतम्मा हसायची आन् भांडं घासायची.

ह्या समद्या नेमांचा राजा म्हंजे हिरीचा नेम. गल्लीच्या टोकाला आमची हीर, जुनी, दगडी, पायऱ्यांची. पायऱ्या उतरून गेलं की पानी. बाया खाली जाऊन घागर बुडवायच्या आन् वर यायच्या, वाडवडलांपसनं तसंच. आबानं त्येच्यात भर घातली. रोज सकाळी त्यो खाली उतरायचा, धोतार मांडीपातूर वर खोवायचा आन् गुडघाभर पान्यात हुबा ऱ्हाऊन शंभर आकडं मोजायचा. म्हन्तो, तळव्याचा दाह पान्यात उतरतो आन् डोळ्याला तेज चढतं. मोजून झालं की तितल्याच पान्यात चूळ भरायची आन् तितलंच पानी वंजळीनं प्यायचं. ताजं, गार, हाललेलं.

बगता बगता गल्ली पान्यात हुबी ऱ्हायली. सकाळी मी घागर घिऊन गेले की हिरीत धा-बारा गडी, धोतरं वर, डोळं मिटलेलं, तोंडानं आकडं चाललेलं. मी म्हनलं, "अवो, वाट तरी सोडा, पानी भरायचंय." कोन सोडतोय? एक जन म्हनला, "थांब की वहिनी, सत्तर झालंत." त्या सत्तर झालेल्यांचं पाय धुतलेलं पानी मी घरी न्यायची आन् त्येच पान्यात पीठ मळायची. तवा किळस वाटली न्हाय. तवा मला बी वाटायचं, आबा शिकलेला मानूस हाय, इंग्रजीत सही करतो.

सन सव्वीसच्या उन्हाळ्यात म्युन्शिपालटीचा एक शानिटरी सायेब आला, म्हंजे गटारं-हिरी तपासनारा. तरनाताठा, टोपी-कोटातला, मऊ बोलनारा. गल्लीत त्या साली आठ जनांना नारू झाला व्हता. नारू ज्यानं बगितला न्हाय त्यो सुखी. घोट्यापाशी फोड येतो, आग आग व्हती, फोड फुटला की आतनं दोऱ्यावानी पांढरा किडा तोंड काढतो. हातभर लांब. त्येला हळूहळू काडीवर गुंडाळत बाहीर काडायचा, रोज बोटभर. घाई केली आन् तुटला, तर आत सडतो. आमी म्हनायचो, दैवातलाच हाय ज्येच्या त्येच्या.

शानिटरी सायबानं समद्यांना हिरीवर बोलावलं. काचंच्या गिलासात हिरीचं पानी घेतलं आन् उनात धरलं. पान्यात बारीक बारीक ठिपकं उड्या मारत व्हतं. म्हनला, "नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो, तेव्हा जखमेतून नारूची पिल्लं पाण्यात सुटतात. हे बारीक किडे ती गिळतात. तुम्ही हे पाणी पिता आणि बरोबर एका वर्षानं नारू तुमच्या पायातून बाहेर येतो. उपाय सोपा आहे. पाय पाण्यात घालू नका, आणि पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या. आम्ही पायऱ्या बंद करून वर रहाट बसवून देतो. फक्त गल्लीची संमती हवी."

एवढं सोपं व्हतं बगा. समदं गाव कापड इनतंय, घराघरात चिंध्यांचं ढीग, आन् फडकं लावायचं एवढंच त्यो मागत व्हता.

आबा फुडं झाला. गिलास हातात घेतला, उनात धरला आन् म्हनला, "साहेब, हे किडे उड्या मारतायत, म्हणजे पाणी जिवंत आहे. मेलेलं पाणी प्यायला आम्ही काय मेलो आहोत?" झालं! गल्ली हसली, टाळ्या पडल्या. सायबानं काय तरी बोलायला तोंड उगाडलं, तर आबा आपला पाय दगडावर ठिवून दावायला लागला. "हा पाय बघा. नोकरी सुटल्यापासून रोज पाण्यात आहे. कुठंय नारू? साठी ओलांडली, शिंक माहीत नाही! फडक्यातून गाळलं की पाण्याचं सत्त्व फडक्यात राहतं आणि चोथा पोटात जातो."

दुसऱ्या दिशी आबानं अर्ज लिवला. पायऱ्या बंद करू नयेत, गल्लीच्या आरोग्यास धोका हाय. घरोघर अंगठं घेतलं. आमच्या दारात आला तवा मी आडवी झाले. मी म्हनलं, "आबा, त्या सायबानं किडं डोळ्यांनी दावलं की. एकदा करून बगू या." आबा माज्याशी बोललाच न्हाय. धन्याकडं बगून म्हनला, "रावजी, घरात अंगठा कुणाचा चालतो?" धन्यानं लगेच अंगठा काळा केला. मला म्हनलं, "बायकांनी ह्यात पडू नगं." मी म्हनलं, बरं.

त्या दिसापसनं मी माज्या जुन्या लुगड्याचं फडकं दुहेरी करून घागरीला बांदलं. मी आन् पोरगी गाळलेलं प्यायचो. धनी घरचं पानी पीतच नव्हतं. सत्त्व जातं ना! ते सकाळी हिरीतच वंजळीनं पिऊन, शंभर मोजून, मंग गिरनीला. मी रोज म्हनायची, "माजं ऐका, आदी गाळलेलं प्या." ते म्हनायचं, "तुजं आन् त्या सायबाचं एकच डोस्कं दिसतंय." सांगून सांगून माजं तोंड दुकलं. ऐकलं का? न्हाय.

वरीस भरलं. शिमग्याच्या दुसऱ्या दिशी धन्याच्या उजव्या घोट्यावर फोड आला. रातभर तळमळलं. तिसऱ्या दिशी फोड फुटला आन् पांढरं तोंड भाईर आलं. मी वाकून बगितलं. माज्या डोळ्याफुडं पाय नव्हता, गिरनी व्हती.

गिरनीत चन्नवीर जॉबर व्हता, कुनाला मागावर ठिवायचं ते त्येच्या हातात. मी गेले त्येच्याकडं. मानूस वाईट नव्हता. म्हनला, "अंबुबाई, बदलीवाले दारात रांग लावून हायत. तरी मी हनमान जयंतीपातूर माग राखतो. त्येच्या दुसऱ्या दिशी भोंग्याला रावजी दोन पायांवर मागाफुडं हुबा पायजे. न्हाय आला तर माज्या हातात काय न्हाय." मी व्हय म्हनलं. महिना व्हता. नारू रोज बोटभर निगतो, हिशेब बसत व्हता.

मंग मी धन्याचा पाय माज्या ताब्यात घेतला. सकाळी पाय धुवायचा, वर लिंबाच्या पाल्याचा शेक द्यायचा, आन् कापसाच्या वातीवर नारू गुंडाळायचा. हळू. इतका हळू की माजा सोताचा दम आवरून धरायची. जरा तान लागला की थांबायचं. वात पायालाच बांदून ठिवायची. धन्याला मी उंबऱ्याभाईर सोडलं न्हाय. "हिरीत पाय घातला तर माजं मेलेलं तोंड बगाल," म्हनून शपत घातली. रोज बोट, कंदी अर्दं बोट. पाडवा आला तवा निम्मा भाईर व्हता. चन्नवीर येऊन बगून गेला, बरं म्हनला.

ह्या दिवसांत आबानं नवा नेम काडला. एक दिस त्यो डाव्या पायाला घोट्यापसनं पिंडरीपातूर कापडाची पट्टी आवळून भाईर पडला. लोकांनी इचारलं तर म्हनला, "रक्त खाली साचतं, ते वर ढकललं पाहिजे. वयाच्या चाळिशीनंतर डावा पाय बांधलाच पाहिजे." आठ दिसांत गल्लीतल्या निम्म्या गड्यांचं डावं पाय बांदलेलं! गिरनीतनं चिंध्या आनून, रंगीबेरंगी. त्येच्यात बी आबा टाच न टेकता, चवड्यावर चालायचा. कुनी तरी इचारलं, तर त्येनं टाचंत अमुक शिरा असत्यात म्हनून सांगितलं. मंग काय, पट्ट्या बांदून चवड्यावर चालनारी ती समदी धडधाकट मानसं गल्लीतनं निगाली की माजी पोरगी हसून हसून लोळायची. पार्वतम्माचा नवरा सिद्धप्पा खड्ड्यातल्या हातमागावर बसायचा, पायानं पावड्या दाबायचा. त्यो बी पट्टी बांदून बसला आन् त्येचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला. पार्वतम्मानं त्येची पट्टी फाडून चुलीत घातली. म्हनली, "अय्यो, आबाला काम न्हाय, तुमाला बी न्हाय काय?"

एक दिस दुपारी मी पान्याला गेले. हिरीवर चिटपाखरू नव्हतं. खालच्या पायरीवर आबा एकलाच बसलेला, पट्टीसकट डावा पाय पान्यात, मान मागं टाकलेली, डोळं मिटलेलं, तोंडावर असं सुख की जनू कुनी पाठ खाजवतंय. माजी घागर वाजली तसा दचकला. "डोळ्यांसाठी," म्हनला. मी म्हनलं, "सकाळी झालं न्हवं डोळ्यांचं?" त्यो म्हनला, "उन्हाळ्यात दोन वेळा." मी पानी भरलं आन् वर आले. बाई, तवाच कळाया पायजे व्हतं मला. घरात तेच दुखनं, तीच आग, धनी बी पाय पान्यात घालू दे म्हनून हाता-पाया पडत व्हतं, आन् मला कळलं न्हाय! ह्येचा राग मला आबापेक्षा माजाच जास्त येतो.

हनमान जयंती चार दिसांवर आली. नारू भाईर हातभर, आत दोन-तीन बोटं. त्या दिशी आबा घरी आला. धन्याच्या पायाकडं बगून तोंड वाकडं केलं. "काय रे रावजी, बायकोनं वातीला बांधून ठेवलंय की तुला! हिरीच्या गार पाण्यात पाय सोड, किडा आपोआप ढिला पडतो. मग एक हिसडा. दोन बोटांसाठी चार दिवस?" मी पोळपाट घिऊनच हुबी ऱ्हायले. म्हनलं, "आबा, तुमच्या तब्येतीला नमस्कार. आमच्या उंबऱ्याला पाय लावू नगा." त्यो गेला. धनी माज्यावर गुरकावलं, मोठ्या मानसाला असं बोलतीस म्हनून. दुसऱ्या दिशी सकाळी मी जवारी दळायला शेजारच्या गल्लीत गेले. धन्याला मागाफुडं हुबं करायचं तर पोटात भाकरी पायजे. तासाभरात आले. घरात धनी नव्हतं.

पोरगी म्हनली, "आबा आलं व्हतं. बा त्येंच्या खांद्यावर हात ठिवून हिरीवर गेलं."

मी पीठ तितंच टाकलं आन् पळाले. हिरीच्या तोंडाशी पोचले तवा खालनं आबाचा आवाज आला, "आता! जोरात!" आन् लगेच धनी वरडलं. तसला आवाज मी त्येंच्या तोंडनं कंदी ऐकला नव्हता. पायऱ्या उतरून गेले तर धनी गुडघाभर पान्यात बसलेलं, हातात तुटका पांढरा दोरा, वातीसकट. हिसडा त्येंनी सोताच्या हातानं दिला व्हता. आबा शेजारी हुबा. म्हनला, "तुटला वाटतं. काही हरकत नाही. उरलेला विरघळतो."

इरघळला न्हाय. सांजंला पाय सुजला, रातीला ताप. दुसऱ्या दिशी पाय मांडीपातूर लाल. हनमान जयंतीला लोक सुंठवडा वाटत व्हते आन् मी धन्याला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेत व्हते. डाक्टरनं तीन ठिकानी चिरलं. म्हनला, "पाय वाचेल. गुडघा सरळ होईल असं सांगत नाही." त्येच्या दुसऱ्या दिशी भोंगा झाला तवा मी दवाखान्याच्या पायरीवर बसले व्हते. भोंगा लई येळ वाजला. चन्नवीरानं दुपारपातूर वाट बगितली, असं मागनं कळलं. मंग बदलीवाल्याला हुबं केलं. त्येचं काय चुकलं?

धनी घरी आलं ते काठी घिऊन. गुडघा वाकडा तो वाकडाच.

वैशाखात शानिटरी सायेब पुन्ना आला. त्या साली गल्लीत एकवीस जनांना नारू झाला व्हता. समदी हिरीवर जमली. सायेब तेच बोलला, तसंच मऊ. आबा पट्टी बांदून, चवड्यावर, पयल्या रांगंत. "पुन्हा तेच?" म्हनला. "एकवीस जणांनी नेम नीट पाळले नाहीत त्याला विहीर काय करणार? माझ्याकडे पाहा. रोज दोन वेळा पाण्यात. आहे काही?"

मी बायकांच्या घोळक्यात हुबी व्हते, डोक्यावर भरली घागर. 'दोन वेळा' ऐकलं आन् ती दुपारची हीर, पट्टीसकट पान्यातला त्येचा पाय माज्या डोळ्याफुडं आला. माजं जायाचं ते गेलं व्हतं. मी फुडं झाले. म्हनलं, "आबा, पट्टी सोडा."

"काय?"

"पट्टी सोडा की. रक्त वर चढलं का बगू."

लोक हसले. आबा नाय हसला. म्हनला, "बाईमाणसानं काय बोलावं..." मी बाकीच्या गड्यांकडं वळले. "तुमी सोडा रं समद्यांनी. भ्या कशाचं?" एकानं सोडली, दोघांनी सोडली, निम्म्यांनी सोडली. चांगलं धडधाकट पाय, नुसतं पट्टीचं वळ. आबाची पट्टी तशीच. त्यो मागं सरकाया लागला आन् गडबडीत टाच टेकली. "आय गं!" असं वरडला. बत्तीस वर्सं इंग्रजीत सही करनारा मानूस तवा आमच्यासारखा वरडला. मी डोक्यावरची घागर उतरिवली आन् समदं गार पानी त्येच्या त्या पायावर वतलं.

पट्टी आदीच ढिली झाली व्हती, ती घसरली. घोट्यापाशी फोड, फुटलेला. पानी लागल्याबरूबर त्येच्यातनं दुधावानी पांढरं पानी आलं आन् मंग हळूच नारूनं तोंड काडलं. समद्यांसमोर. सायबानं वाकून बगितलं आन् इचारलं, "किती दिवस झाले?" आबा खाली बगून म्हनला, "दीड म्हैना." सायेब म्हनला, "आणि रोज दोनदा पाण्यात?" आबा घसरलेली पट्टी वर वढाया लागला. मला वाटलं, आता गल्ली ह्येला हिरीतच ढकलती.

तवा सिद्धप्पा फुडं आला, डोळ्यांत पानी. हात जोडून म्हनला, "बगा रं! गल्लीचा नारू आबांनी आपल्या अंगावर घेतला. आन् एका शब्दानं बोललं न्हाईत!" बाया मुसमुसाया लागल्या. एक जन पाया पडला. आबानं एक येळ माज्याकडं बगितलं, एक येळ लोकांकडं, मंग डोळं मिटून म्हनला, "माझं काय, माझं झालं. पोराबाळांना तरी त्रास नको. साहेब, बंद करा पायऱ्या." टाळ्या! संमतीच्या कागदावर पयली सही त्येची, इंग्रजीत. सायेब कागुद घिऊन गेला. जाताना माज्याकडं बगून त्येनं टोपीला हात लावला. मला मिळालं ते एवढंच.

पायऱ्यांच्या तोंडाला भिताड घातलं, वर रहाट बसला. आबाचा नारू तीन आठवड्यांत सबंद निगाला. त्यो तुटू दिला न्हाय त्येनं. पार्वतम्माकडनं रोज वातीवर गुंडाळून घेतला, बोट बोट, काढा पीत पीत. पाय टनटनीत. आता त्यो दुहेरी फडक्याचं नेम सांगतो. घरोघर जाऊन सांगतो, आपलाच शोद असल्यावानी. त्यो सांगतो म्हनून लोक गाळत्यात. मी वरीसभर सांगत व्हते तवा कुनी गाळलं न्हाय.

धनी आता रहाटावर पानी ओढत्यात. गिरनी बसू देत न्हाय, रहाट बसू देतो. घराघरात घागरी पोचवायच्या. मी बी एका बिडीच्या कारखान्यात जाते, भागतं आमचं. पयली घागर रोज आबाच्या दारात. मी सांगितलं व्हतं, त्या दारात नेऊ नगा, त्येचा पाय धड हाय, नेऊ दे त्येची त्येला. धनी म्हनलं, "आगं, म्हातारा मानूस. आन् त्येंनी आपल्यासाटी केवढं सोसलं." त्या दिशी मी जेवले न्हाय.

परवा मी कामाला निगाले तर धनी आबाच्या दारातनं भाईर पडत व्हतं, रिकामी घागर काखंत, वाकडा पाय वढत. आबा उंबऱ्यात उन्हाला पाठ दिऊन बसलेला. पोटावर थापट्या चाललेल्या. त्यो मागनं म्हनला, "रावजी, असा पाय टाकत जाऊ नकोस बाबा. मणक्याला बाधतं. सरळ टाकावा."

"व्हय आबा," धनी म्हनलं, आन् रस्त्याच्या मदी थांबून, काठीवर भार दिऊन, तो पाय सरळ टाकाया बगाया लागलं.